पोत्याचं दुसरं टोक

संपाच्या सातव्या दिवशी कळमनुरीच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, जर्मनीचा खासदार उतरला, आणि बुटका जळबा आपल्या हमालांना म्हणाला, "कोणी उठू नका. बसून ऱ्हावा."

हमाल हळदीच्या पोत्यांना टेकून बसूनच राहिले. मागणी एकच होती: शंभर किलोचं पोतं बंद करा, पन्नासचं भरा. गोपीचंद शेठ ऐकत नव्हते. उद्यापासून परगावचे हमाल आणतो, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. ते आले की सात दिवस पाण्यात, आणि जळबानं हमालांना दिलेला शब्दही.

पाहुणा सत्तरीचा. पंजे फावड्याएवढे, मिशीत चिमणीचं बिऱ्हाड मावावं. शेठनी हार घातला, हळद दाखवली. तो मात्र बसलेल्या माणसांकडेच बघत होता. त्यानं काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणून आलेली शेजारच्या डोंगरकडा गावची ज्योती म्हणाली, "हे काहून बसलेत, असं विचारतात."

"आळशी झालेत!" शेठ म्हणाले. "शंभर किलो म्हंजे काय वझं हाय व्हय? ह्यांचे बाप एका हातानं उचलायचे. सांग साहेबाला."

ज्योतीनं सांगितलं. पन्नास किलोच्या मागणीचंही सांगून टाकलं.

पाहुण्यानं हार काढून थप्पीवर ठेवला. खाली पडलेलं रिकामं पोतं उचललं, झटकलं, एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून त्याची खोळ केली आणि डोक्यावरून पाठीवर सोडली. इतकी सराईत खोळ पोती वाहिलेल्या माणसालाच जमते.

"अरे, हा तर आपल्यातला!" प्रेमदास हमाल म्हणाला.

"सोळा वर्षं बंदरावर कॉफीची पोती वाहिली त्यांनी," ज्योती म्हणाली. "मग युनियन उभी केली. मालकांनी दोनदा कामावरून काढलं, लोकांनी चारदा खासदार केलं."

आता जळबा उठला, नेहमीसारखा कमरेत वाकलेलाच. पाहुण्याच्या डोक्यावरची खोळ काढून त्यानं आपल्या डोक्यावर घेतली.

"पाव्हणे, पाठ आमची. तुमी फक्त एक टोक धरा." मग तो शेठकडे वळला. "दुसरं टोक तुमी धरा, शेठ. पोतं पाठीवर द्यायला दोघं लागतात. अन् तुमच्या मतानं तर त्यात वझंच न्हाई."

शेठ मागं सरकले. पण पाहुण्याचा पंजा त्यांच्या खांद्यावर होता, आणि त्यांनीच बोलावलेला फोटोवाला समोर.

शंभर किलोच्या भरल्या पोत्याकडे पाठ करून जळबा वाकला. पाहुण्याचं टोक कमरेपर्यंत आलं. शेठचं टोक जमीन सोडीना, उलट बोटं पोत्याखाली अडकली. सदरा पिवळा झाला, तोंड लाल झालं, पोतं होतं तिथंच.

"शेठ," खालून जळबाचा आवाज आला, "काहून थांबून राहिले? पाठ रिकामीच हाय."

हमाल असे हसले की शेडचे पत्रे थडथडले. नांदेडला निघालेल्या एसटीनं म्हणे रस्त्यातच ब्रेक मारला.

"पन्नास!" शेठ ओरडले. "पन्नासचंच भरा, पण बोटं निघू द्या माझी!"

तिथल्या तिथं शिवण उसवली, निम्मी हळद दुसऱ्या पोत्यात गेली. पाहुण्यानं आणि शेठनी उरलेलं पोतं अलगद जळबाच्या पाठीवर दिलं.

जळबा चालू लागला, आणि चालता चालता सरळ होत गेला. बावीस वर्षं मोंढा ज्याला बुटका म्हणत आला, तो गडी शेठपेक्षा चांगला हातभर उंच निघाला.