राखणीचा नारळ

"आई, ब्रेक दबत नाहीये!"

हेमंतच्या ओरडण्याने शेजारी बसलेल्या द्वारकाबाईंनी समोरचा डॅशबोर्ड धरला. घाटाचा उतार, पुढे वळण, वळणापलीकडे दरी. मागच्या सीटवर सुनेने नातीला छातीशी कवटाळलं. कुणाची कोण जाणे, जुनी घेतलेली ही अवाढव्य गाडी. नको म्हणत होते मी, एवढंच त्यांच्या मनात आलं.

हेमंतने हँडब्रेक ओढत गाडी डोंगराकडे वळवली. रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घुसून ती एकदाची थांबली.

त्याने वाकून ब्रेकखालून नारळ ओढून काढला. सकाळी कुलदेवीपुढून आणलेला. गाडीला राखण म्हणून द्वारकाबाईंनीच त्याच्या सीटखाली ठेवलेला. यजमानांच्या गाडीतही असा नारळ वर्षानुवर्षं तिथेच असायचा. पण त्या सीटला खाली पुढून फळी होती, हे त्यांना आत्ता आठवलं.

"आई, पुढच्या वेळी देवीला मागे बसव," हेमंत म्हणाला. हसलं कुणीच नाही.

घर येईपर्यंत द्वारकाबाईंनी नारळ मांडीवर घट्ट धरून ठेवला. उतरल्यावर गाडीच्या चेपलेल्या नाकावरून हात फिरवत त्या पुटपुटल्या, "तुझा काही दोष नव्हता गं बाई."