दोन मिनीडोरमधलं अंतर

मनुबाई रस्त्याकडेच्या निवाऱ्याच्या बाकावर आडवी झाली होती. सकाळपासून ती घरीच पडून होती; आता छातीत कळा येत होत्या, अंग घामानं भिजलं होतं. तिची भाची शिवानी ओढणीनं वारा घालत होती. दहा वर्षांची नात आरोही रस्त्यात उभी राहून दिघीच्या बाजूला बघत होती. बोर्लीचा दवाखाना फार लांब नव्हता, पण तिथवर न्यायला गाडी हवी होती.

"ताई, मी टेकाडावर पळत जाऊ? वर रेंज येते. फोन करते."

"नको. जाऊन यायला अर्धा तास जाईल. त्याआधी मिनीडोर येईलच."

शिवानी हे उगाच बोलली नव्हती. मुंबईला ती गणितात संशोधन करत होती. मोठ्या चौकोनी सारणीत मनाला येतील ते आकडे भरले, तरी त्या सारणीतून निघणारी आयगेन मूल्यं, म्हणजे तिचे खास आकडे, वाटेल तशी पडत नाहीत. ती थोडी पुढंमागं हलतात, पण एकमेकांना खेटत नाहीत आणि मध्ये फार मोठी फटही पडू देत नाहीत. गेल्या दिवाळीत बोर्लीच्या नाक्यावर बसून तिनं सहा आसनी मिनीडोर रिक्षांच्या येण्याच्या वेळा टिपल्या होत्या. त्यांच्यातही तोच नमुना निघाला होता. त्या संध्याकाळी तिनं अंगणात चिंचोके मांडून आरोहीला सगळं समजावलं होतं.

"ते आकडे एकमेकांशी कट्टी असतात का गं?" आरोहीनं विचारलं होतं.

"कट्टी नाही. सगळे एकाच सारणीतून निघतात ना, म्हणून जणू एकाला दुसऱ्याची खबर असते."

एक पांढरी मोटार काचा बंद ठेवून निघून गेली. आरोहीनं केलेला हात तसाच वर राहिला. मग बराच वेळ रस्त्यावर काहीच नव्हतं. शिवानीनं पुन्हा घड्याळ पाहिलं. एवढी मोठी फट तिच्या आलेखात कुठंच नव्हती.

"आत्या, डोळे मिटू नकोस. बोल माझ्याशी."

"काय बोलू?" मनुबाईला धाप लागली. "तुझी गनिताची गाडी म्हायेरी गेली वाटतं."

शिवानीला हसू आलं नाही. "आरोही, पळ," ती म्हणाली. "टेकाडावर जा. लवकर."

आरोही टेकाडाच्या पायथ्याशी पोचते न पोचते तोच हॉर्न ऐकू आला. वळणावरून एक मिनीडोर आली. तिला चिकटून दुसरी, मग तिसरी. पहिली माणसांनी खच्चून भरलेली, मागच्या दोन्ही रिकाम्या.

पहिलीचा ड्रायव्हर काळूराम उडी मारून उतरला. "अगं आई, मावशी! काय झालं?"

"तीन-तीन एकदम कशा येता, काळूमामा?" शिवानीचा आवाज चढला. "कधीची वाट बघतोय!"

"मावशी सकाळपासून जाग्यावर न्हाय ना."

"म्हणजे?"

"रोज हितं कधी करवंदं, कधी काकड्या विकायला बसते. आम्ही गाडी हळू केली की वरडून सांगते, म्होरचा आत्ताच गेला, च्या पिऊन ये. न्हायतर म्हनते, लई वेळ झाला, हाण आता. आज सांगायलाच कोन न्हाय. कुनाला काय अंदाज लागला न्हाय बघ."

शिवानीचे हात आत्याच्या खांद्यांखाली होते तिथंच थांबले.

"उचल पोरी," काळूराम म्हणाला.

दोघांनी मनुबाईला दुसऱ्या, विनेशच्या रिकाम्या गाडीत लांब सीटवर निजवलं. शिवानीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिसऱ्या गाडीनं आरोहीला उचललं. काळूराम पुढं झाला आणि हॉर्नवरचा हात काढेना. त्याच्या गाडीतल्या कुणी मधे उतरायला गाडी थांबवली नाही.

मनुबाईनं अर्धवट डोळे उघडले. पुढच्या गाडीचा धूर आत येत होता, मागचीचा आवाज कानाशी होता.

"अंतर ठेवा रे," ती कशीबशी म्हणाली. "सगळं एकदम गेल्यावर मागं कुनी उभा असला, तर त्यानं काय करायचं?"

विनेशनं ऐकलं. आरशात एकदा तिच्याकडं पाहिलं आणि गाडी काळूरामच्या आणखी जवळ नेली.