हिमकपाटातली नातवंडं

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातल्या हिमकपाटाची घंटी किणकिणली, तशी अश्लेषा कणकेच्या हातांनीच धावली.

अँडीज पर्वतावरचं बर्फ आटल्यापासून तिथले बेडूक असे घरोघरी, थंड, विरळ हवेच्या कपाटांत सांभाळायला दिले होते. अश्लेषाकडे आलेला नर एका तळ्यातला शेवटचा, तर मादी पलीकडच्या तळ्यातली शेवटची. ग्रंथांत दोघांच्या जाती वेगळ्या. एकटी अश्लेषा म्हणायची, जात एकच आहे. जोडीला पिल्लं झाली तेव्हाही तज्ज्ञ हसले होते. "खेचरंही जन्मतात हो बाई, पण पुढे वंश चालत नाही. संपले हे."

आज त्या पिल्लांनी मोठं होऊन घातलेली अंडी फुटली होती. काचेपलीकडे इवल्या शेपट्या वळवळत होत्या.

"आई, या लवकर! वंश चालला!"

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "म्हणजे तिशीच्या आतच आजी झालीस की गं! पेढे काढ आता."

अश्लेषाने डोळे पुसत कपाटाच्या पडद्यावरून जगाला कळवलं: जात एकच. खाली 'मूळ ठिकाण' विचारलं होतं. तिने 'अँडीज' लिहिलं.

तेवढ्यात सासूबाईंच्या कडेवरच्या लेकीने, रेवाने काचेला नाक लावलं. "पण आई, ही बाळं तर आपल्या सांगलीत जन्मली. मग ती तिकडची कशी?"