काही राहिलं नाही ना?

कस्तुरीनं यादी चौथ्यांदा वाचली. जादा बल्ब. फर्स्ट एडचा डबा. बाइकच्या चेनला मारायचा स्प्रे. दोन रिफ्लेक्टर जॅकेट. तिकडे युरोपात रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं, समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून हेडलाइटला लावायचे स्टिकर. प्रत्येक वस्तूपुढे तिनं पेन्सिलीनं खूण केली होती. तरी ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"वहिनी, एवढं तर माझी आईसुद्धा करत नाही," सतीश म्हणाला. तो श्रीकांतच्या ऑफिसातला मित्र. दोघं मिळून बारा दिवसांसाठी निघाले होते. संध्याकाळी इंग्लंडातल्या हल बंदरातून बोट, सकाळी हॉलंड, मग जर्मनी आणि आल्प्सचे घाट. "काही राहिलंच तर येऊ परत. लीड्सपासून हल काय, दीड तासावर."

"नको," कस्तुरी पटकन म्हणाली. मग हसली. "एकदा निघाल्यावर मागं फिरू नये म्हणतात. अपशकुन असतो."

श्रीकांत गुडघ्यावर बसून बाइकच्या पेटीचा पट्टा आवळत होता. त्यानं मान वर केली. "ऐक रे. बायको काळजी करते ती अशी."

पेटी जड होती. कस्तुरीनं ती एका हातानं रेटली. गेल्या महिन्यात ती जिन्यावरून पडली होती, डावं मनगट अजून भरवशाचं नव्हतं. तेव्हा श्रीकांतच तिला हॉस्पिटलात घेऊन गेला होता. तीन तास तिच्या शेजारून हलला नव्हता. नर्सचे प्रश्नही त्यानंच निस्तरले होते.

"पासपोर्ट? व्हिसा?" तिनं विचारलं.

"आहे की. दहा वेळा काय विचारतेस?" त्यानं स्वतःचा पासपोर्ट जॅकेटमध्ये ठेवला, दारातल्या टेबलाच्या ड्रॉवरला कुलूप लावलं आणि किल्लीही खिशात टाकली. "तुझा आणि मनवाचा, दोन्ही इथं सेफ आहेत. आणि हो, तुझा मोबाइल मी घेऊन जातो. माझ्याची बॅटरी टिकत नाही."

"बरं."

"मी घरच्या फोनवर करीन. रोज साडेसातला. असशील ना?"

"असणारच. मनवाची शाळा आणि घर. आणखी कुठं जाते मी?"

तो समाधानानं हसला.

मनवाच्या शाळेच्या ऑफिसातल्या जॅनेटनं तिला सांगून ठेवलं होतं, तो निघेपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस. नेहमीसारखी वाग. सांगणं सोपं होतं. रात्रभर कस्तुरीला तीच ती चित्रं दिसली होती. बाइक वाटेत बंद पडलेली. पाऊस, वादळ, बोट रद्द झालेली. दारावर वाजलेली थाप.

तीन वाजता तिनं त्याच्या तळहातावर दही ठेवलं. तिची सहा वर्षांची लेक मनवा जिन्याच्या वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. श्रीकांतनं खालूनच तिला हात केला.

"येतो," तो म्हणाला.

जाणाऱ्यानं असंच म्हणायचं असतं, हे कस्तुरीला माहीत होतं. तरी तो शब्द ऐकून तिनं दह्याची वाटी घट्ट धरली.

"ये," ती कशीबशी म्हणाली.

दोन्ही बाइक कोपऱ्यावर वळल्या. समोरची म्हातारी बाई कुंपणापाशी उभी होती. कस्तुरीचे डोळे भरलेले पाहून ती म्हणाली, "अगं, बारा दिवस कसे जातील, कळणारसुद्धा नाहीत."

कस्तुरीनं मान हलवली आणि दार लावलं.

मनवा हळूच खाली आली. "बाबा गेली?"

एरवी कस्तुरी तिला लगेच 'गेला' म्हणायला लावायची. आज नाही लावलं.

चार वाजले. पाच वाजले. चहा गार झाला, तो तिनं सिंकमध्ये ओतला. सव्वापाचला रस्त्यावर बाइकचा आवाज आला. घराजवळ येऊन तो मंदावला. कस्तुरी स्वयंपाकघरात होती तिथंच थिजली. काय झालं असेल? काय राहिलं असेल? यादीतल्या वस्तू डोळ्यांपुढून सरसर गेल्या. मनवाही खेळता खेळता थांबली होती. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर पलीकडच्या घरी पिझ्झा आला होता.

सहाला मनवाला वरणभात भरवला. स्वतःचं ताट तिनं तसंच झाकून ठेवलं. सातला रेडिओवर हवामान लागलं. उत्तर समुद्र शांत. ते पुन्हा ऐकायला मिळावं असं तिला वाटलं. आठ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड होता. जूनचे हे दिवस संपतच नाहीत.

पावणेनऊला फोन वाजला.

"सुटली बोट," श्रीकांत म्हणाला. मागं वारा आणि माणसांचा गलका. "डेकवर उभा आहे. बंदर लांब गेलं."

"काही राहिलं नाही ना?"

"काही नाही. सगळं दिलंस."

"सतीश भावजी बरे आहेत?"

"बारमध्ये गेला पण. उद्या साडेसात. फोनजवळ राहा."

"हो."

तिकडचा फोन बंद झाला, तरी ती थोडा वेळ रिसीव्हर कानाला लावून उभी होती. मग तिनं एक नंबर फिरवला. कुठंही लिहून न ठेवलेला, पाठ केलेला. पहिल्याच रिंगला जॅनेटनं फोन उचलला.

"आज हात उगारला त्यानं?"

"नाही. आज खुशीत होता," कस्तुरी म्हणाली. "बोट सुटली. आता सकाळपर्यंत त्याला उतरता येणार नाही. तू गाडी आण, मी मनवाला बूट घालते."