हयातीचा दाखला

कंपनीचा मेकॅनिक रियाज पायरीवर बसून गवत कापायच्या यंत्राचं पातं कानशीने घासत होता. मृदुलाने त्याच्यापुढचा चहाचा कप उगाच दोनदा हलवला.

"ताई, आबांना बोलवा. हयातीचा दाखला लागतोय."

यंत्राला आजीवन हमी होती, पण मालकाच्या जीवनापुरती. मालक गेला की यंत्र स्वतःला कायमचं बंद करून घेई. मालक म्हणजे आबा, मृदुलाचे वडील; त्यांना जाऊन चार महिने झाले होते, आणि तिने ते यंत्राला कळू दिलं नव्हतं.

"झोपलेत," ती म्हणाली.

"अकरा वाजता? मला तर सहालाच फोन करून झापायचे, पात्याला धार नाही म्हणून." त्याने यंत्राचा पडदा पुसला. "राहू द्या. यंत्रानेच दाखला दिलाय, मी फक्त शिक्का मारायचा. ऐका. 'मालक हयात. दर कापणीनंतर जुन्या टूथब्रशने पात्याखालचं ओलं गवत काढलं. चाकांना हाताने तेल दिलं. दूर्वांचा कोपरा सोडायला लावला.'"

मृदुला उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली.

"ब्रश आबांचा आहे," ती म्हणाली. "हात माझा. ते चैत्रातच गेले रे."

रियाजचं बोट पडद्याजवळ तसंच थांबलं. मृदुलाने पातं उचलून उन्हात धरलं आणि कडेवरून हलकेच अंगठा फिरवला.

"डाव्या टोकाला धार नाही. परत घास."



"म्हणजे बोलणी खाणं काही सुटलं नाही," रियाज पुटपुटला, आणि 'हयात'वर शिक्का मारून त्याने पातं पुन्हा गुडघ्यावर घेतलं.