बारावी खुर्ची

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे पवित्र गुरुवारी फादरनी गावातल्या बारा गरीब म्हाताऱ्यांचे पाय धुवायचे, ही तिरोलच्या डोंगरांतल्या एका चर्चची जुनी रीत. त्यासाठी चाळीस वर्षं पाणी तापवणाऱ्या वालबुर्गानं यंदा पाहिलं, तर मोजे काढून खुर्च्यांवर बसले होते लाकूडगिरणीचे मालक, हॉटेलवाले, बँकेचे साहेब. दर वर्षी बाराव्या खुर्चीवर बसणारा मेंढपाळ अलोईस काठी टेकून दारातच उभा होता.

"फादर, याची खुर्ची?"

"यंदा गावाचं नाव काढणाऱ्यांचा मान आहे, वालबुर्गाबाई. त्याला मागं बसवा."

"आजी, पाणी आणा लवकर," गिरणीमालक हसला. "पाय गारठले!"

"घरून साबण लावून आलेले पाय कशाला धुवायचे रे?"

तिनं घंगाळ उचललं ते थेट दाराबाहेर नेलं. अलोईसला पायरीवर बसवलं आणि गुडघे टेकून त्याचे भेगाळलेले पाय धुवायला घेतले.

फादर टॉवेल घेऊन धावत आले. "अहो, आत मानाची माणसं खोळंबलीत!"

"कसला मान?" ती वर न बघता कडाडली. "त्या रात्री प्रभूला धरून देणारा यहूदाही पाय धुवून घ्यायला बसलेलाच होता. खाली जमिनीवर एकटा प्रभू होता."