तिसरा गट

“सिस्टर, तुमच्या विम्यात आपलं हॉस्पिटल तिसऱ्या गटात आहे. इथे कंपनी निम्माच खर्च देईल, पहिल्या गटातल्या हॉस्पिटलात सगळा,” काउंटरवरची मुलगी खालच्या आवाजात म्हणाली.

एस्तर इथल्याच आयसीयूत नर्स होती. पण निम्मा खर्चही तिला झेपणारा नव्हता. छाती धरून बसलेल्या नवऱ्याला तिने नदीपलीकडच्या, पहिल्या गटातल्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे आयसीयूच्या दारातच तिला अडवलं.

“मी नर्स आहे,” ती म्हणाली.

“इथे तुम्ही नातेवाईक. बाहेर बसा.”

दुपारी दार उघडलं ते तो गेल्याचं सांगायलाच. “शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत होते,” तिथली नर्स म्हणाली.

“मग मला बोलावलं का नाही?”

“नियम आहे, ताई.”

हेच उत्तर एस्तरने आजवर कितीतरी बायकांना दिलं होतं.